डब्यातला समुद्र : दोघांच्या बँडचा ‘ओला’ आवाज कसा तयार होतो

नागपूरहून सर्वांत जवळचा समुद्र सरळ रेषेत मोजला तरी पाचशे किलोमीटरहून लांब आहे. तरीही सर्फ गिटारचा, म्हणजे साठच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर रुजलेल्या घुमणाऱ्या गिटारवादनाचा, हात लागलेला एखादा इंडी (स्वतंत्रपणे काढलेला) अल्बम हेडफोनवर लावला की पहिल्या दहा सेकंदांत कानात पाणी ठिबकायला लागतं. बँड दोघांचाच असतो. एक गिटार, एक गळा, मागे साधा ठेका. पण आवाज येतो तो कुठल्याशा मोठ्या, ओलसर, ओस पडलेल्या हॉलमधून आल्यासारखा. हे कशानं होतं, आणि प्रतापनगरातल्या दहा बाय बाराच्या खोलीत, बाजूला कूलर घरघरत असताना ते कसं साधायचं, ते बघू.

स्प्रिंग कुठून आली

हा ओला आवाज येतो धातूच्या स्प्रिंगांतून. लाटांशी त्याचं नातं तसं लांबचंच. लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनवर आवाज उशिरा पोचला तर काय होतं, हे तपासायला अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत स्प्रिंगा वापरत. ती युक्ती शिकागोच्या हॅमंड ऑर्गन कंपनीनं उचलली. चर्चमध्ये ऑर्गन घुमतो कारण इमारत उंच आणि दगडी. तोच घरच्या दिवाणखान्यात, गालिचे-पडद्यांच्या गर्दीत, अगदी सपाट वाजतो. म्हणून हॅमंडनं पेटीतच स्प्रिंगा टांगल्या. १९६१ मध्ये गिटार आणि अँप बनवणाऱ्या लिओ फेंडरच्या कंपनीनं त्याच स्प्रिंगांचा गिटारसाठी वेगळा डबा काढला, आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी तो समुद्राच्या नावावर करून टाकला. गंमत अशी की ज्या डिक डेलला सर्फ गिटारचा राजा म्हणतात, त्याला रिव्हर्ब, म्हणजे हा घुमारा, आधी हवा होता तो स्वतःच्या गाण्यासाठी. त्याच्या १९६१ च्या पहिल्या गाजलेल्या तबकडीतली गिटार चांगलीच कोरडी आहे.

डब्यात काय असतं? एका टोकाला छोटं कॉइल आणि चुंबक. गिटारचा सिग्नल आला की चुंबक थरथरतं, ती थरथर स्प्रिंगेतून दुसऱ्या टोकाला जाते आणि तिथलं कॉइल तिची पुन्हा वीज करतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायला साधारण ३० ते ४० मिलिसेकंद लागतात. मग लाट आपटून परत फिरते, पुन्हा जाते, असं करत दोन-तीन सेकंदांत विरते. स्प्रिंगा दोन किंवा तीन असतात आणि प्रत्येकीचा वेळ मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो. सारखा ठेवला तर सगळे प्रतिध्वनी एकमेकांवर पडतील आणि घुमण्याऐवजी टणटण ऐकू येईल.

आता खरी खुबी. हवेत सगळे सूर एकाच वेगानं जातात, स्प्रिंगेत नाही. स्प्रिंगेत खालचे आधी पोचतात, वरचे मागून येतात. त्यामुळे पिकचा (तार छेडायच्या चकतीचा) ‘टक्’ आत गेला तरी बाहेर पडताना तो ताणला जातो आणि ‘ट्विउंक’ असा काहीसा निघतो, भरल्या माठात थेंब पडावा तसा. वादक याला ‘ड्रिप’ म्हणतात. म्हणून मोबाइलवरच्या ॲपमध्ये ‘हॉल’ किंवा ‘चर्च’ निवडून रिव्हर्ब शंभर टक्क्यांवर नेला तरी सर्फचा आवाज येत नाही. गिटार दूर जाते, पण ओली होत नाही. यादीत ‘स्प्रिंग’ असं लिहिलेलंच निवडायचं.

पेडल (गिटार आणि अँपच्या मध्ये लावायची, आवाज बदलणारी डबी) घेत असाल तर ‘ड्वेल’चं बटण आहे का ते बघा. ड्वेल म्हणजे स्प्रिंगेला किती जोरात ढकलायचं. मिक्स म्हणजे त्या आवाजातलं किती बाहेर ऐकवायचं. ही दोन वेगळी कामं आहेत आणि स्वस्त पेडलमध्ये ती एकाच बटणात कोंबलेली असतात. सुरुवातीला दहापैकी ड्वेल सहा-सात, मिक्स चार, टोन पाच. ड्रिप कमी वाटला तर मिक्स वाढवायचा मोह होतो. तो टाळा, ड्वेल वाढवा.

खरा स्प्रिंगचा डबा मागवून जुन्या अँपमध्ये (ॲम्प्लिफायरमध्ये) बसवायचा असेल तर त्यावरचा कोड वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. जुन्या फेंडर धाटणीच्या अँपमध्ये बसतो त्याचा कोड ‘४एबी३सी१बी’. यातला ४ म्हणजे साडेबेचाळीस सेंटिमीटरचा लांब प्रकार, पहिला ए म्हणजे आत जाणारं कॉइल ८ ओहमचं, बी म्हणजे बाहेरचं सव्वादोन हजारांच्या आसपास, ३ म्हणजे जास्त वेळ घुमणारा. पुढचं सी आणि १ हे अर्थिंगच्या जोडणीचं आणि लॉकचं. शेवटचं बी सांगतं की डबा आडवा, उघडी बाजू खाली करून बसवायचा. दिसायला सगळे डबे सारखेच. पण ८ ओहमच्या जागी शेकडो ओहमचा लागला तर रिव्हर्ब कुजबुजतो, आणि आडवा डबा उभा लावला तर स्प्रिंग लोंबून पत्र्याला घासते. अँपच्या ट्रान्सफॉर्मरशेजारी ठेवला तर तो घुमण्याच्या आधी गुणगुणेल. अशा वेळी डब्याची दोन टोकं उलटी करून बघा, बाहेरचं कॉइल ट्रान्सफॉर्मरपासून जितकं लांब तितकं बरं.

हात आणि तारा

यंत्रानं अर्धंच काम होतं. स्प्रिंगेला ‘टक्’ मिळाला नाही तर ती थेंब कुठून देणार? पिक एक मिलिमीटर किंवा जाड. ब्रिजजवळचं (तारा खाली टेकतात त्या पट्टीजवळचं) पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडणारं चुंबक-कॉइल. तळहाताची कड ब्रिजवर हलकी टेकवून तार अर्धी दाबायची आणि मनगटातून खाली-वर, खाली-वर. कोपरातून वाजवलं तर दोन मिनिटांत हात भरून येतो आणि लय ओढली जाते. तारा ११-४९ च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) तरी असाव्यात. ९ च्या बारीक तारा पिकखाली वाकतात आणि सूर टोचल्याक्षणी वर चढतो. मोठ्या रिव्हर्बमध्ये तो बेसूर टोचा तीन सेकंद घुमत राहतो. डेल तर १६ पासून ६० पर्यंतच्या तारा लावायचा, पण त्याची नक्कल करण्यात अर्थ नाही, बोटं सोलवटतील.

सर्फसाठी जाझमास्टर (१९५८) आणि जॅग्वार (१९६२) या फेंडरच्या गिटारींचं फार नाव आहे. त्यांचा तारांचा ताण बदलणारा दांडा हलवला की सूर पाण्यावरच्या सावलीसारखा डुलतो. मात्र बारीक तारा लावल्या तर त्या याच गिटारींच्या ब्रिजवरून खाचेबाहेर निसटतात, हे दुकानात कोणी सांगत नाही. साधी स्ट्रॅट (फेंडरचीच स्ट्रॅटोकास्टर) धाटणीची गिटारही चालते. दांडा हलवल्यावर सूर मूळ जागी येत नसेल तर बहुतेक वेळा दोष नटच्या, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाशी तारा धरणाऱ्या पट्टीच्या, खाचांत असतो. तार काढून खाचेत मऊ शिसपेन्सिल घासा.

एक गमतीची गोंधळगल्ली इथेच आहे. सूर वरखाली होतो तो व्हायब्रेटो, आवाज कमीजास्त होतो तो ट्रेमोलो. फेंडरनं गिटारच्या दांड्याला ट्रेमोलो म्हटलं आणि अँपमधल्या ट्रेमोलोच्या बटणावर व्हायब्रेटो छापलं. तेव्हापासून आजतागायत लोक भलतंच पेडल विकत घेतात.

भैरवाचे सूर, पॅसिफिकच्या काठी

डिक डेलचे वडील लेबनीज. लहानपणी काकांकडून तो ऊद (अरबी तंतुवाद्य) आणि दरबुका (हातानं वाजवायचा ढोल) ऐकत-शिकत वाढला. १९६२ मध्ये त्यानं पूर्व भूमध्य प्रदेशातली ‘मिसिरलू’ ही जुनी धून गिटारच्या जाड तारेवर धडाधड वाजवली. तिचे सूर पेटीवर काढून बघा: सा, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, पंचम, कोमल ध, शुद्ध नी. भैरव थाटच. राग नव्हे, हे रागदारीवाल्यांनी रागावण्याआधीच सांगून टाकतो. तिथे रे-ध वरचं आंदोलन नाही, नुसती सप्तकाची चौकट सारखी.

आपल्याकडच्या वादकाला याचा फायदा असा की सर्फचा तो ‘परका’ वाटणारा रंग कानाला आधीच ओळखीचा आहे. सर्वांत जाड, मोकळी ई तार सा माना. सूर येतात ई, एफ, जी शार्प, ए, बी, सी, डी शार्प. म्हणजे त्या एकाच तारेवर फ्रेट ०, १, ४, ५, ७, ८, ११. एका तारेवर वर-खाली सरकायचं, मधले सूर घसटत न्यायचे. आधीच्या पिढीला व्हॅन शिपले, हजारा सिंग यांनी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवलेल्या सिनेगीतांच्या तबकड्या आठवत असतील. शब्दांवाचून गाणं ‘गाणारी’ गिटार विदर्भातल्या कानाला नवी नाही.

वातावरण म्हणजे अंतर

‘ॲटमॉस्फेरिक’ या शब्दाचा बाऊ फार होतो. कानाच्या हिशेबात ते फक्त अंतर आहे: कोण जवळ उभं आहे, कोण लांब, आणि मध्ये किती रिकामी जागा. कान अंतर तीन खुणांवरून ओळखतो. लांबच्या आवाजात मूळ कमी, घुमारा जास्त. लांबच्या आवाजाची धार गेलेली असते, कारण वरचे सूर हवेत आधी मरतात. आणि तिसरी खूण, जी बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे मूळ आवाज आणि त्याचा पहिला घुमारा यांतला वेळ. सॉफ्टवेअरमध्ये याला प्री-डिले म्हणतात.

प्री-डिले नीट समजला की अर्धा अल्बम समजला. आवाज ३० मिलिसेकंदांत साधारण दहा मीटर जातो. गाणाऱ्या आवाजावर रिव्हर्ब टाकून प्री-डिले शून्य ठेवला तर गायिका हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून गातेय असं वाटतं. तोच ४० ते ६० वर नेला तर ती तुमच्या कानाशी येते आणि हॉल तिच्या मागे उघडतो. रिव्हर्ब तेवढाच, जागा बदलली. म्हणून साधारण मांडणी अशी: गळा जवळ, प्री-डिले मोठा, मुख्य गिटार मध्ये, स्प्रिंगसकट, आणि एक मागची गिटार किंवा ऑर्गन अगदी लांब, प्री-डिले शून्य, ३,००० हर्ट्झच्या वरचं कापून. सगळ्यांनाच लांब पाठवलं तर खोली तयार होत नाही, धुकं तयार होतं. कोणीतरी एक कोरडं आणि जवळ हवंच. बहुधा ते काम बेस किंवा टँबरिनकडे द्यावं.

रिव्हर्ब वेगळ्या ट्रॅकवर घ्या आणि त्या ट्रॅकचं २०० हर्ट्झच्या खालचं काढून टाका. घुमाऱ्यातला बेस ऐकू येत नाही, पण बाकी सगळ्यावर चिखल करतो.

इकोचं गणित सोपं आहे. ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमनं (मिनिटाला किती मात्रा त्या आकड्यानं) भागा. एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. १०० ला ६००. त्याचे पाऊण, म्हणजे ४५० वर इको ठेवला की तो ठेक्याच्या फटीत पडतो आणि गिटार एकटी असून दोघींसारखी वाजते. ट्रेमोलोला सेकंदाला किती वेळा हे लागतं: १०० बीपीएमला मात्रेत दोन हेलकावे हवे तर ३.३ हर्ट्झ, तीन हवे तर ५. ६० च्या दशकातल्यासारखा एकच झटपट इको हवा असेल तर ८० ते १४० मिलिसेकंद, एकच पुनरावृत्ती. क्रम महत्त्वाचा आहे: ट्रेमोलो रिव्हर्बच्या आधी लावला तर मूळ आवाज तुटतो आणि घुमारा फटी भरत राहतो, नंतर लावला तर घुमाऱ्यासकट सगळं पंख्याच्या पात्यामागून आल्यासारखं कापलं जातं. फझ, म्हणजे आवाज खरखरीत करणारं पेडल, मात्र रिव्हर्बच्या आधीच. मागे लावला तर तीन सेकंदांचा घुमारा फझमध्ये भरडला जातो. काही बँड ते मुद्दाम करतात, पण तो पुढचा धडा.

दोघंच आहेत, हे बरंच आहे

चार जणांच्या बँडला रिकामी जागा शोधावी लागते, दोघांना ती फुकट मिळते. अडचण फक्त खालच्या सुरांची आणि ठेक्याची. खालचे सूर दुसऱ्या गिटारवर काढायचे तर बॅरिटोन गिटार घ्या, किंवा फेंडरच्या १९६१ च्या बेस-सिक्सच्या धाटणीचा सहा तारांचा बेस; तो गिटारपेक्षा बरोबर एक सप्तक खाली लागतो आणि पिकनं वाजवला की ‘टक’ही देतो. ठेक्यासाठी सर्फची ठरलेली चाल आहे: आठ मोजा, किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम) १ आणि ५ वर, स्नेअर (काड्यांनी वाजणारा खणखणीत ड्रम) ३, ४ आणि ७ वर. ड्रम मशीनवर हे भरताना ४ वरचा ठोका थोडा हलका ठेवा. पाचही ठोके सारख्या जोरानं वाजले तर ते मोबाइलची रिंगटोन वाटतात.

या बाबतीत डॅनिश जोडी ‘द रेव्हिओनेट्स’चा दाखला बघण्यासारखा आहे. २००२ चं त्यांचं ‘व्हिप इट ऑन’ सगळंच्या सगळं बी फ्लॅट मायनरमध्ये आहे. बंधन घालून घेतल्यामुळे गाणी एका कुळातली वाटतात. घरच्या अल्बमलाही असं एखादं बंधन घाला. दहा गाण्यांना मिळून एकच स्प्रिंग, एकच ड्रमसंच, दोनच पट्ट्या. प्रत्येक गाण्याला नवा रिव्हर्ब निवडला की अल्बम होत नाही, सॅम्पल पुस्तिका होते.

नागपूरची खोली

इथली पहिली लढाई विजेशी. सिंगल कॉइल पिकअप घरातल्या तारांमधली ५० हर्ट्झची घरघर पकडतं, आणि स्प्रिंग ती आणखी घुमवते. तारांना हात लावला की घरघर कमी होते का बघा. थोडी कमी होणं साहजिक आहे. पण हात काढताच कान फाटत असतील तर बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या. महाल-इतवारीकडच्या जुन्या वायरिंगच्या घरांत हे आधी करायचं काम. गिटारचा अँप आणि माइकचा मिक्सर वेगवेगळ्या बोर्डांवर असतील तर माइकला ओठ लागल्यावर झटका बसू शकतो. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या, आणि घरघर जावी म्हणून प्लगची तिसरी पिन कधीही काढू नका.

घरघरीपेक्षा टोकदार ‘झ्झ्झ’ येत असेल तर पंख्याचा रेग्युलेटर बघा. काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या वेगांवर विजेची लाट कापून देतात आणि ते कापणं पिकअपमध्ये उतरतं. पंखा पूर्ण वेगावर किंवा बंद. डिमरवाल्या दिव्यांचंही तेच.

कूलर हा त्याहून मोठा पाहुणा. रेकॉर्डिंगपुरता तो बंद करता येतो, पण मे महिन्यात दुपारी तीन वाजता दोन टेकच्या पुढे माणूस टिकत नाही. त्यापेक्षा गिटारचा सिग्नल अँपआधीच दुभागून एक कोरडी प्रत थेट संगणकात घ्या. ती कूलर चालू असताना वाजवली तरी बिघडत नाही. रात्री कूलर बंद करून तीच प्रत अँप आणि स्प्रिंगमधून फिरवा आणि माइकनं टिपा. एरवीही, कूलर चालू असताना, खरा स्प्रिंगचा डबा त्याच फरशीवर नको. कूलरच्या थरथरीनं स्प्रिंगेत ढग गडगडतात. फोमच्या जाड तुकड्यावर ठेवा.

माइक स्पीकरच्या मध्यापासून थोडा बाजूला, जाळीपासून दोन-चार सेंटिमीटरवर. खोलीचा आवाज हवा म्हणून दुसरा माइक दीड मीटरवर ठेवलात तर त्याला आवाज चार मिलिसेकंदांहून थोडा उशिरा पोचतो. दोन्ही सारख्या पातळीवर मिसळले की ११५ हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो आणि जाड तारांचा जीव जातो. मागचा ट्रॅक तेवढाच अलीकडे, म्हणजे आधी वाजेल असा सरकवा, किंवा त्याची पातळी बरीच खाली ठेवा. भिंतीला महागडा फोम लावण्याआधी कापसाच्या दोन गाद्या कोपऱ्यांत उभ्या करून बघा. गादीघरातला जुना कापूस या कामाला उत्तम.

लाकडाचीही तब्येत सांभाळायला लागते. कोरड्या उन्हाळ्यात फिंगरबोर्ड आकसून फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागतात, पावसाळ्यात मान फुगते आणि तारा वर जातात. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरा. मधल्या, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली पोस्टकार्डाएवढी फट हवी, पाव मिलिमीटरच्या आसपास. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतला धातूचा गज) पाव फेरा आवळा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. एका बैठकीत पूर्ण फेरा आवळणाऱ्यांच्या गिटारी दुरुस्तीवाल्याकडे दिसतात. कूलरची ओली हवा थेट तारांवर येऊ देऊ नका, आठवड्यात गंज धरतो. शक्य असेल तर मुख्य रेकॉर्डिंग नोव्हेंबर ते जानेवारीत काढा. कूलर नाही, पंखा नाही, आणि रात्री अकरानंतर लग्नाची वरात लांबची असली तर शहर खरंच शांत असतं.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर, शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास. मिक्स झाल्यावर दोन्ही बाजू एकत्र करून, म्हणजे मोनोत, मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. स्टीरिओत डौलदार वाटणारा रिव्हर्ब मोनोत निम्मा गायब होऊ शकतो. तसं झालं तर त्याची रुंदी कमी करा. लाउडनेस उणे १४ लफ्सच्या (गाण्याचा एकूण मोठेपणा मोजायचं एकक) आसपास पुरे. त्याहून दाबून मोठा केला तर घुमाऱ्याची शेपटी मूळ आवाजाइतकीच वर येते आणि अंतर मिटतं. स्पॉटिफाय तसाही तो आवाज परत खाली आणतं.

आणि फाइल काढताना शेवटच्या सुरानंतर निदान पाच सेकंद मोकळे सोडा. सॉफ्टवेअर बहुतेकदा शेवटची नोट संपते तिथेच फाइल कापतं, आणि स्प्रिंग तेव्हा नुकती ठिबकायला लागलेली असते.